पिकअपचे ब्रेक वाजतात? आधी ऐका, मग खोला

फळी सैल धरून कापायला घेतली की करवत किंचाळते. तीच फळी कापाच्या शेजारी दाबून धरली की करवत गप्प. दात तेच असतात, लाकूडही तेच, फक्त थरथरायला जागा उरत नाही. मी धंद्याने सुतार आहे. ११ वर्षं वापरलेल्या माझ्या पिकअपचे ब्रेक पहिल्यांदा वाजायला लागले, तेव्हा ही रोजच्या हाताखालची गोष्ट आठवायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी पुढच्या पॅडचा नवाकोरा सेट विनाकारण बसवला. आठ दिवस शांतता, नवव्या दिवशी पुन्हा चींऽऽ. काढलेले पॅड निम्मेसुद्धा झिजले नव्हते.

ब्रेक दाबला की पॅड, म्हणजे लोखंडी पाटीवर घासणारा मसाला बसवलेला तुकडा, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (लोखंडी तबकडीला) घासतो. घासताना तो किंचित अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. पॅड जागेवर नीट बसलेला असला तर ही थरथर जिरून जाते. क्लिप सैल, पॅडच्या पाठीवरची पत्र्याची शिम गायब किंवा पॅड डिस्कवर दाबणाऱ्या शिकंज्याची, म्हणजे कॅलिपरची, पिन कोरडी पडलेली असली, की डिस्क घंटेसारखी वाजते. म्हणजे जे घट्ट धरलेलं हवं ते सैल झालंय किंवा जे सहज सरकायला हवं ते अडकलंय. घरी दुरुस्त होण्यासारखा बहुतेक आवाज या दोनपैकी एका गोष्टीचा असतो.

आधी कान लावा

एखाद्या लांब भिंतीच्या कडेने, काच खाली करून, सायकलच्या वेगाने गाडी चालवा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. मग उलट दिशेने या, म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येईल. कोणत्या चाकाचा आवाज आहे ते दोन फेऱ्यांत कळतं. शेजारी कोणाला बसवलं तर आणखी बरं, कारण ब्रेक मारणाऱ्याचं अर्धं लक्ष पायाकडे असतं.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला कर्रर्र होऊन पुढे दिवसभर शांत? रात्रीच्या ओलीने डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, तो पॅड खरवडून काढतात. त्याला हात लावू नका.

ब्रेक न दाबताही बारीक चींऽऽ येते आणि पाय टेकवला की बदलते किंवा थांबते? बऱ्याच पॅडला एक लहानशी पत्र्याची जीभ असते. पॅड झिजून साधारण २-३ मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते. ही तक्रार नाही, निरोप आहे. पॅड बदला.

ब्रेकशी संबंध नसलेली, चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारी पत्र्याची खरखर बहुधा डिस्क आणि तिच्या मागच्या धूळ-पत्र्याच्या मधे अडकलेल्या खड्याची असते. कच्च्या रस्त्याने माल नेणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. मी एकदा तासभर खटपट करून चाक काढलं आणि आतून वाटाण्याएवढा खडा टपकन खाली पडला.

हलका ब्रेक मारला की किंचाळतो, जोरात दाबला की गप्प होतो, असा आवाज असेल तर तोच आपला आजचा विषय. आणि दळल्यासारखा घर्रर्र आवाज पायाला पेडलमधून जाणवत असेल, तर मसाला संपून लोखंड लोखंडाला लागलंय. ती गाडी तशीच चालवू नका. पेडल मऊ लागणं, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणं किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसणं यांपैकी काहीही असेल तर पुढचं वाचून स्वतः करायला जाऊ नका, मेकॅनिकला दाखवा.

तेलाचा स्प्रे हातात घेऊ नका

हे हत्यारांच्याही आधी सांगतो. माझ्याकडे कामाला असलेल्या एका पोराने माझ्यावरच्या मायेपोटी, बिजागऱ्यांना मारतो तो स्प्रे चाकाच्या फटीतून डिस्कवर मारला. आवाज गेला, हे खरं. ब्रेकही गेला. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं आणि पुसून निघत नाही. ते पॅड फेकावे लागले. तसंच, तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतून ‘साफ’ करू नका. असं एकदम गार केल्याने ती वाकडी होऊ शकते, तडकूही शकते.

लागणारं सामान

जॅक, दोन जॅक-स्टँड, चाकाचा पाना, रॅचेट आणि गोट्या, म्हणजे सॉकेट (कॅलिपरच्या बोल्टला बहुधा १२, १४ किंवा १७ नंबर लागतो), तारेचा ब्रश, ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, बाइंडिंग तारेचा तुकडा, सी-क्लॅम्प, फडकी, एन-९५ मास्क, चष्मा. सी-क्लॅम्प माझ्याकडे डझनभर होते. मेकॅनिक ज्याला खास अवजार म्हणतो ते सुताराच्या भिंतीला लटकत असतं, याचा मला उगाचच आनंद झाला होता.

ग्रीसवर मात्र काटकसर नको. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस इथे चालत नाही. पेट्रोलियमच्या ग्रीसने पिनांवरची रबरी बुटं फुगतात, पिना अडकतात, आणि तुम्ही जे बरं करायला बसलात तेच बिघडतं. ब्रेकसाठीचं, जास्त उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस घ्या. छोटी पुडी पुष्कळ होते.

मास्क ऐच्छिक नाही. ब्रेकच्या काळ्या भुकटीत काय असतं ते डोळ्यांना कळत नाही. जुन्या मसाल्यात (लायनिंगमध्ये) अ‍ॅस्बेस्टॉससुद्धा असू शकतं. त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची नाही. लाकडाचा भुसा उडवायची सवय असल्याने माझा हात दोनदा हवेच्या नळीकडे गेला होता. क्लीनरने ओलं करून खाली ताटलीत पडू द्या, नाहीतर ओल्या फडक्याने टिपा. क्लीनर पेट घेतो, आणि क्लोरीन असलेल्या क्लीनरची वाफ वेल्डिंगच्या उष्णतेत सापडली तर विषारी वायू होतो. जवळ कोणतीही ठिणगी नको.

गाडी उचलणं

हौदा रिकामा करा. सपाट, टणक जमीन बघा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. हवेत गेल्यावर चाक नुसतं फिरत राहतं.

मागचा भाग उचलताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि टू-व्हील ड्राइव्ह असेल तर गिअरची पकडही मागच्याच चाकांवर. मागची चाकं उचलली की हँडब्रेक काय नि गिअर काय, दोन्ही निरुपयोगी. गाडीला धरून ठेवतात ती फक्त पुढच्या चाकांना लावलेली लाकडं. म्हणून मी पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, अशा चार पाचरी ठोकतो. तुम्ही निदान जाडजूड ठोकळे लावा. विटा नकोत, फुटतात.

पुढे स्टँड चॅसीखाली, मागे अ‍ॅक्सलच्या नळीखाली. स्टँडवर वजन टेकल्यावर गाडीला हाताने एक धक्का द्या. हलली तर काम सुरू करायचं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

पुढचे डिस्क ब्रेक

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या, अडलात की जाऊन बघता येते. चाक काढून स्टिअरिंग सोयीच्या बाजूला वळवलं की कॅलिपरची पाठ समोर येते. बऱ्याच गाड्यांत खालचा एक बोल्ट काढला की कॅलिपर दारासारखा वर उघडतो. दोन्ही बोल्ट काढावे लागले तर कॅलिपर तारेने स्प्रिंगला किंवा आर्मला टांगा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, नळी आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. ए.बी.एस.ची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर असेल तर तीही ताणू नका.

आता पॅड काढून हातात घ्या आणि दोन मिनिटं नुसतं बघा. दोन्ही पॅड सारखे झिजलेत का? आतला जास्त आणि बाहेरचा कमी असेल तर कॅलिपर सरकत नाहीये, म्हणजे पिना अडकल्यात किंवा पॅड ढकलणारा दट्ट्या (पिस्टन) परतत नाहीये. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तरीही संशय पिनांवरच. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवे आणा, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. मोजताना मागची लोखंडी पाटी धरू नका, फक्त मसाला मोजा.

मसाला शाबूत आहे पण तोंड काचेसारखं चकचकीत झालंय? सतत हलका-हलका ब्रेक मारून किंवा एकदा प्रचंड तापून असं होतं. रंधा मारलेल्या सपाट फळीवर पॉलिश पेपर पसरा आणि पॅड त्यावर इंग्रजी आठच्या आकारात, सारख्या दाबाने फिरवा. चकाकी जाऊन मंद काळा रंग आला की थांबा. हातात धरून घासलात तर कडा गोल होतात आणि मधे फुगवटा राहतो. पॅडच्या ज्या कडेवर फिरती डिस्क पहिल्यांदा येते, ती टोकदार असेल तर कानशीने थोडी उतरवा. आम्ही टेबलाची कड मोडतो तशी, दोन-तीन मिलिमीटर. तीक्ष्ण कड डिस्कवर पटाशीसारखी चावते आणि तिथूनच थरथर सुरू होते. माझ्या गाडीचा निम्मा आवाज या कडेचा होता, असं माझं मत आहे.

त्यानंतर पॅड ज्या खाचेत बसतात तो ब्रॅकेट. पत्र्याच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज साठून फुगतो, खाच अरुंद होते आणि पॅड करकचून बसतो. तारेच्या ब्रशने आणि कानशीने गंज काढा, पण लोखंड खाऊ नका. क्लिपा वाकलेल्या किंवा ढिल्या असतील तर नव्या घ्या. पॅड खाचेत बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर खाच साफ झालेली नाही, आणि खडखड हलत असेल तर क्लिप गेली आहे. ड्रॉवरच्या मापाचा अंदाज असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पिना बाहेर ओढा. मला सापडली ती तपकिरी झाली होती आणि पक्कड लावून फिरवावी लागली. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिन गुळगुळीत करा, भोकही फडक्याने साफ करा. नवं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा, ठासून भरू नका, नाहीतर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते. वरची आणि खालची पिन दिसायला सारखी असली तरी काही गाड्यांत एकीला टोकाशी रबरी बुश असतो. अदलाबदल करू नका. बूट फाटलेलं दिसलं तर आजच बदला, त्यातूनच पाणी शिरलंय.

पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन आणि कॅलिपरची नखं टेकतात तिथे, आणि पॅडच्या कानांवर ग्रीसचा पुसट हात. शिम असेल तर ती जागच्या जागी परत. शिम म्हणजे पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा, अनेकदा रबराचा थर असलेला. ‘निरुपयोगी पत्रा’ समजून तो टाकून देणारे बरेच भेटतात. घासणाऱ्या तोंडावर आणि डिस्कवर ग्रीसचा ठिपकासुद्धा नको. बोटं पुसूनच पॅड उचला.

डिस्कवर नख फिरवा. बारीक रेघा चालतात, नख अडकणारे चर चालत नाहीत. कमीत कमी किती जाडी चालेल ते बहुधा डिस्कवरच कोरलेलं असतं. व्हर्नियरने मोजा, त्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदलायची.

पॅड जाड असेल, म्हणजे नवा घातला असेल, तर पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढतं. टाकी काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या. हे ऑइल रंग खातं, बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड मधे ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. सरळ ढकलण्याची ही रीत पुढच्या कॅलिपरसाठी आहे. हँडब्रेक असलेल्या मागच्या डिस्क कॅलिपरमध्ये काही पिस्टन फिरवत दाबावे लागतात, ते क्लॅम्पने चिरडू नका.

बोल्ट किती घट्ट करायचे ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. कॅलिपरच्या पिनेचे बोल्ट बारीक असतात, चाकाच्या नटाइतका जोर लावाल तर आटे जातील. टॉर्क पाना नसेल तर एखाद्याचा मागून आणा.

मागचे ड्रम

बऱ्याच पिकअपना मागे डिस्कऐवजी ड्रम असतात, म्हणजे फिरता लोखंडी डबा आणि त्याला आतून घासणारे, मसाला (लायनर) लावलेले दोन कमानदार शू, आणि रिकाम्या गाडीत मागचा भाग हलका असल्याने बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. मागच्यांची धूळ ड्रमच्या डब्यात साठत राहते. भरल्या गाडीत गप्प आणि रिकाम्यात किरकिर, अशी तक्रार असेल तर मी आधी ड्रम उघडतो.

हँडब्रेक सोडा (पाचरींकडे पुन्हा एकदा बघून). ड्रम निघत नसेल तर त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं आहेत का पाहा. बऱ्याच ड्रमना ८ मिलिमीटरच्या बोल्टची असतात. दोन्हीकडे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलात की ड्रम आपोआप बाहेर येतो. तरीही हटला नाही तर आतल्या अ‍ॅडजस्टरने शू पसरून ठेवलेत. मागच्या पत्र्यातल्या भोकातून तो सैल करावा लागतो. ड्रमच्या कडेवर घणाचे घाव घालू नका, ओतीव लोखंड असतं, टवका उडतो.

उघडल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. स्प्रिंगा कुठून कुठे जातात हे पाच मिनिटांत विसरायला होतं. स्प्रिंगा काढायच्या असतील तर चष्मा घाला.

मग ओल शोधा. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड किंचित उचलून बघा. ब्रेक ऑइल पाझरत असेल तर सिलिंडर गेलाय. अ‍ॅक्सलच्या बाजूने काळं, घट्ट, उग्र वासाचं तेल आलं असेल तर ते गिअर ऑइल आहे, म्हणजे ऑइल सील गेलं. तेल प्यायलेले लायनर धुऊन, जाळून, उन्हात वाळवून सुधारत नाहीत. सील आणि दोन्ही बाजूंचे शू बदला. हे काम मी स्वतः केलेलं नाही, करूनच घेतलं.

सगळं कोरडं असेल तर सोपं आहे. धूळ ओली करून पुसा, शूची चकाकी पॉलिश पेपरने मारा. ड्रमच्या आतलं तोंडही आडव्या-तिरक्या हाताने घासा, फिरण्याच्या दिशेने नाही. किरकिरीचं खरं मूळ मात्र अनेकदा मागच्या पत्र्यावर असतं. शूची कड ज्या उंचवट्यांवर टेकून सरकते, ते बहुधा प्रत्येक शूला तीन असतात. तिथलं ग्रीस वाळून लोखंड लोखंडावर घासतं. शू थोडा बाहेर ओढा, उंचवटे साफ करा आणि तिथे ग्रीसचा वाटाणा नाही, मोहरीएवढा ठिपका लावा. जास्त लावाल तर तापल्यावर लायनरवर ओघळेल.

ड्रम बसवून अ‍ॅडजस्टर असा लावा की चाक हाताने फिरताना हलकीशी घसट ऐकू यावी, पण अडू नये.

पेडल, मग चावी

गाडी खाली घ्या, नट एकाआड एक समोरासमोर आवळा. आणि इंजिन चालू करण्याआधी पेडल दाबा. पुन्हा दाबा. कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले काही दाब त्याला पॅडपर्यंत आणण्यातच जातात. मी पहिल्या वेळी हे विसरलो. गाडी मागे घेतली, पाय पेडलवर टाकला, पेडल फरशीला टेकलं आणि पिकअप माझ्याच सागाच्या थप्पीवर जाऊन थांबली. थप्पी होती म्हणून ठीक. टाकीतली ऑइलची पातळीही बघा. वाढवायची असेल तर टोपणावर लिहिलेल्याच जातीचं घाला, डॉट ३ की डॉट ४ ते तिथे असतं.

मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा. असं आठ-दहा वेळा, मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालती ठेवून ब्रेकना वारा लागू द्या. पूर्ण थांबून तापलेल्या पॅडवर पाय दाबून ठेवू नका, डिस्कवर एकाच जागी मसाल्याचा ठसा उमटतो. या फेऱ्यांत थोडा जळका वास येईल, नव्या पॅडचा असेल तर जास्तच. धूर आला तर थांबा आणि गार होऊ द्या.

एवढं करूनही त्याच चाकातून चींऽऽ येत असेल तर उरतात दोन शक्यता. पॅडचा मसालाच कडक जातीचा आहे; धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड भाराला चांगले, पण मुळातच बोलके. नाहीतर डिस्क वाकडी आहे, आणि ते डायल गेज लावून मोजायचं काम गॅरेजचं. माझी गाडी आता गप्प आहे, फक्त रिव्हर्स घेताना कधीकधी बारीक आवाज करते, कारण उलट फिरताना पॅड खाचेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टेकतात. ते मी चालवून घेतो.

साधारण ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.